स्टेपनी गेली, दिवा आला

'स्टेपनी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो कुठून आला हे कुणी विचारतसुद्धा नाही. इंग्रजी असणार, एवढं सगळे धरून चालतात. पण लंडनमध्ये जाऊन एखाद्या मेकॅनिककडे 'स्टेपनी' मागितलीत, तर तो बिचारा तुम्हाला त्या नावाच्या वस्तीचा रस्ता दाखवील! हा शब्द खरा वेल्समधल्या लॅनेली नावाच्या गावचा. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी एक जादा चाक तयार केलं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. टायर पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून ते काढायचं, ठिगळ लावायचं आणि पंपाने हवा भरायची. डेव्हिस बंधूंच्या चाकाला आरे नव्हते. नुसती कड आणि तिच्यावर हवा भरलेलं टायर. पंक्चर झालेल्या चाकालाच ते बाजूने आवळून टाकायचं आणि पुढे निघायचं. ती कंपनी पुढे विस्मरणात गेली, ते चाकही गेलं, पण नाव मात्र आपल्याकडे राहिलं.

आता त्या नावावरही संक्रांत आली आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ज्या प्रवासी गाडीत टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच आहे, तिला स्टेपनीची सक्ती नाही, असा तो बदल. ऑक्टोबर २०२० पासून तो लागू झाला. म्हणजे डिकीतलं चाक जाऊ शकतं, आणि त्याच्या जागी चालकासमोर एक पिवळा दिवा येतो. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह.

तर मंडळी, आजचा विषय हा दिवा. म्हणाल, इतिहास शिकवलेल्या बाईला मोटारीशी काय कर्तव्य? पण प्रत्येक दिव्याच्या मागे इतिहास असतो, आणि या दिव्याच्या मागे तर बरीच माणसं मेलेली आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. आमच्या वसईत भाजी आणि केळी बैलगाडीतून जायची, तेव्हा चाक लाकडाचं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवणं हे मोठं कौशल्याचं काम. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान घडवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, तापून ती फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसायची आणि लाकडाला अशी करकचून धरायची की खिळ्याची गरज पडू नये. तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली मांडली होती, पण तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि मग जग हवेवर चालू लागलं. लोखंडी धाव झिजली की डोळ्यांना दिसते. हवा मात्र दिसत नाही. ती कमी झाली हे ओळखायचं कसं? शंभर वर्षं त्याचं उत्तर एकच होतं. पायाने टायर दाबून बघा, नाहीतर मीटर लावा. एसटीचे जुने ड्रायव्हर गाडी सुटण्याआधी टायरवर लोखंडी टॉमी आपटून नुसत्या आवाजावरून हवा ओळखायचे, हे माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल.

हे काम माणसाकडून दिव्याकडे कसं गेलं, तर एका मोठ्या अपघातमालिकेमुळे. १९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर धावता धावता सुटू लागला. गाड्या उलटल्या. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. सरकारी यंत्रणेच्या नोंदीत मृतांचा आकडा २७१ पर्यंत गेला. मग भांडण जुंपलं. टायरवाले म्हणाले, गाडीत दोष. गाडीवाले म्हणाले, टायरात दोष. त्या भांडणात हवेचाही मुद्दा होता. फोर्डने हवा २६ सांगितली होती, फायरस्टोन म्हणत होतं ३०. (हे आकडे पीएसआयचे, म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड.) हवा कमी असली की टायर जास्त वाकतं, जास्त तापतं, आणि आधीच कच्चं असेल तर फाटतं.

१ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि गाडीनेच चालकाला इशारा द्यावा असं ठरलं. पण इशारा कसा द्यायचा, यावर पुन्हा पाच वर्षं वाद! पद्धती दोन होत्या. पहिली स्वस्त. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, म्हणून तेवढंच अंतर जायला जास्त फेरे घेतं. ब्रेकच्या यंत्रणेत चाकांचे फेरे मोजणारं उपकरण असतंच, त्यावरूनच अंदाज बांधायचा. दुसरी महाग. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडून एक छोटा सेन्सर बसवायचा, तो रेडिओलहरींनी हवेचा आकडा कळवणार. पहिल्या पद्धतीची गोम अशी, की चारही चाकं सारखीच बसली तर तिला फरक कळणार कसा? वर्गातली सगळीच मुलं नापास झाली तर पहिला नंबर कुणाचा, तसला प्रकार. सरकारने त्या पद्धतीला सवलत देणारा नियम केला, तो २००३ साली तिथल्या न्यायालयाने रद्द ठरवला. अखेर २००५ मध्ये पक्का नियम आला: एक चाक असो की चारही, हवा ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली.

आता येऊ आपल्या घरी. माझा एक भाचा नालासोपाऱ्याला राहतो. (नाव लिहीत नाही, पण घरच्यांना कळेलच.) थंडीत सकाळी गाडी चालू केली की त्याचा पिवळा दिवा लागतो, आणि वसई फाट्याच्या पुढे हायवेला लागल्यावर थोड्या वेळाने आपोआप विझतो. दोन-चार वेळा असं झाल्यावर त्याने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. "अगं मावशी, तो खोटाच लागतो. तू नको लक्ष देऊस." आणि हीच गाडी घेऊन बायको-मुलांसकट समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचा बेत!

हा दिवा खोटा आहे का, याचं उत्तर लोहाराच्या धावेत आहे. आमच्या शाळेतल्या एका विज्ञानाच्या सरांनी मला हे गणित मांडून दिलं. समजा, ऑक्टोबरच्या उन्हात गाडी चालवून तुम्ही पंपावर गेलात. टायरमधली हवा तेव्हा ४८ अंशांवर तापलेली, आणि तुम्ही ३३ भरून घेतली. नाताळच्या सुमारास पहाटे वसईत पारा १६ वर आला. हिशेब करताना तापमानात २७३ मिळवायचे, म्हणजे ३२१ आणि २८९. हवेच्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचे १४.७ मिळवायचे, म्हणजे ४७.७. आता ४७.७ ला २८९ ने गुणा, ३२१ ने भागा. येतात साधारण ४२.९. त्यातून १४.७ परत काढा. उरले २८! एकही खिळा घुसला नाही, तरी पाच गेले. शिवाय रबरातून आणि व्हॉल्व्हमधून महिन्याला एखाद-दीड पीएसआय अशीच झिरपते. दोन-अडीच महिन्यांत आकडा २५ च्या खाली, आणि ३३ च्या २५ टक्के खाली म्हणजे २४.७५. दिवा लागला. गाडी दहा-पंधरा किलोमीटर धावली, टायर तापलं, आकडा दोन-तीनने वर गेला, दिवा विझला.

म्हणजे लागताना दिवा खरं बोलत होता. विझला तेव्हा हवा काही परत आली नव्हती, ती फक्त तापून फुगली होती. फसवलं असेल तर विझण्याने फसवलं, लागण्याने नव्हे. (काहीजण म्हणतात, नायट्रोजन भरला की हे होत नाही. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीत आकसायचा नियम त्यालाही चुकलेला नाही.)

खरोखर खोटे दिवेही असतात, नाही असं नाही. पण त्यांचीही खूण आहे. चाकात सेन्सर असलेल्या बहुतेक गाड्यांत, चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष यंत्रणेत असतो. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षांत संपते. टायर बदलताना पंक्चरवाल्याच्या पहारीने सेन्सर मोडू शकतो. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी दिवा तक्रार करणारच. फेरे मोजणाऱ्या पद्धतीत हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर यंत्रणेला 'आता हे प्रमाण धर' असं बटण दाबून सांगावं लागतं. ते राहिलं तर ती जुन्याच मापाने मोजत बसते. दिवा न लुकलुकता सरळ लागला, तर मात्र तो हवेबद्दलच बोलतोय असं धरावं. आणि दर आठवड्याला एकाच चाकाची हवा कमी भरली, तर तिथे बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह आहे. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कळवील.

माझी भीती वेगळीच आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवतो. पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो, आणि मेंढ्या जातात त्या गावाच्या! गावाने एकदा तरी पाऊलखुणा तपासल्या असत्या, तर कदाचित वाचल्या असत्या. इशारा पुन्हा पुन्हा येतो तेव्हा त्याचं कारण शोधण्यापेक्षा त्याचं तोंड बंद करणं आपल्याला सोपं वाटतं.

आणि दुर्घटना झाल्यावर? तेव्हा आपण टायरलाच पुढे करतो. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येणारी एक गाडी टायर फुटून खोल खड्ड्यात गेली आणि एका घरातला कर्ता तरुण गेला. नुकसानभरपाई द्यायची वेळ आली तेव्हा विमा कंपनीचं म्हणणं, टायर फुटणं ही देवाची करणी, आमचा काय दोष? २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हाती नसलेली नैसर्गिक घटना. टायर फुटायला वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणं असतात, आणि प्रवासाआधी टायर बघणं चालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय. सुमारे सव्वा कोटींची भरपाई कायम राहिली. त्याच वर्षी १ जुलैच्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. टायर फुटलं असं चालकाने सांगितलं होतं. अमरावतीच्या परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं आलं.

बघा, किती विचित्र आहे. टायर गाडीतून सांगत असतं तेव्हा आपण त्याला खोटं ठरवतो, आणि सगळं संपल्यावर त्याच टायरला साक्षीला उभं करतो.

माझ्या मते इतिहास एवढंच सांगतो की धाव, स्टेपनी आणि दिवा ही एकाच कामाची तीन रूपं आहेत. वस्तू बदलली, तरी निघण्याआधी चाकाकडे बघायचं काम माणसाकडेच राहिलं. म्हणून भाच्याला (आणि तुम्हा सगळ्यांना) माझं सांगणं अगदी साधं आहे. ती पट्टी काढून टाक. हवा मोजायचा एक मीटर घरात ठेव, थोड्या पैशात मिळतो. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, चारही चाकं आणि असेल तर स्टेपनी मोज. आकडा धरायचा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावरचा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो नव्हे. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी तर न चुकता. समृद्धीवर मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा, आणि विदर्भातलं ऊन काय असतं ते मी सांगायला नको.

पाच मिनिटांचं काम आहे. मुलांनाही बरोबर घ्या, वायूचा नियम पाठ करण्यापेक्षा असा लवकर कळतो.

असो. तुमच्या गाडीचा दिवा कधी आणि कुठल्या हवेत लागतो, ते जरूर कळवा. आणि भाच्याच्या घरच्या कुणी हे वाचलं, तर निघायच्या आदल्या सायंकाळी त्याला आठवण करा.