बारामती ते इंदापूर : वाटेवरचे आरोग्य

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर तेलाची वाटी आणि उटणे निघते. आळशातला आळशी माणूसही त्या दिवशी सूर्योदयापूर्वी अंथरूण सोडतो. त्याला कोणी आरोग्याचा उपदेश केलेला नसतो; सारे घर उठते म्हणून तोही उठतो. भाऊबीज सरली की मात्र पहिले पाढे पंचावन्न! चांगली सवय लागते कशी, याचे अर्धे उत्तर या एका पहाटेत आहे. ती टिकते कशी, हे उरलेले अर्धे उत्तर शोधायला बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहावे.

आषाढाच्या तोंडावर या रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. पंढरीची वारी तुकोबांच्या घराण्यात पिढीजात होती. तिला पालखीचे रूप दिले त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी, १६८५ साली. बारामती सोडली की काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती फिरवतात. पुढे सणसर, मग बेलवाडीचे अश्वरिंगण, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर. सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते आणि पालखी सोलापूर जिल्ह्यात पाऊल टाकते.

हा सोहळा भक्तीचा, यात शंका नाही. पण वारकऱ्याची दिनचर्या तेवढी बाजूला काढून पाहा. पहाटे उठणे, थंड पाण्याने स्नान, दिवसभर चालणे, मधे विसावा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून मद्यमांस वर्ज्य. पंधरा दिवसांनी एकादशी. चालताना मुखी अभंग असल्याने श्वास आणि पाऊल यांचा ताल आपोआप जुळतो. साठीची म्हातारीही फुगडी घालते. भेटेल त्याच्या पायांना हात लावायचा. मग मनातली अढी राहणार कुठे?

मनाचे आणि शरीराचे आरोग्य निराळे नाही, हे आता जगानेही मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आपल्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती एकत्र गुंफली. १९५३ साली लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरील माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असे त्यात आढळले. पायांची ही थोरवी आपल्या वारकऱ्याला आकडे न मांडताच अंगवळणी पडली होती.

पण वारीचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेतून पटकीची साथ अनेकदा गावोगाव गेली. दूषित पाणी आणि दाटी यांपुढे भक्तीचे काही चालले नाही. मनाच्या बाबतीतही तेच. इरावती कर्वे दिंडीबरोबर पायी गेल्या, ती ज्ञानोबांच्या पालखीची. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसतात, याचे त्यांना झालेले दुःख त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे चांगली सवय एकदा लागली की संपले, असे नव्हे. ती सुधारत न्यावी लागते. पुढे लसी आल्या, शुद्ध पाण्याचे टँकर आले, अलीकडे फिरती शौचालये आली. वारीने हे सारे सामावून घेतले.

आता या मुलखाकडे पाहा. हा पर्जन्यछायेचा, दुष्काळाचा प्रदेश. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला, मागोमाग ऊस आला आणि घरात पैसा आला. ही मोठीच भाग्याची गोष्ट. पण बांधापर्यंत मोटारसायकल आली, तसे पाय थांबले. गोड वाढले आणि चालणे घटले, की मधुमेहाला आमंत्रण द्यावे लागत नाही.

२०२० साली करोनामुळे पायी वारी थांबली. पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या आणि त्या आषाढात या रस्त्यावर टाळ वाजला नाही. पुढच्या वर्षीही तेच. २०२२ साली मात्र वारकरी पुन्हा पायी निघाले. दोन वर्षांचा खंडही ती सवय मोडू शकला नाही, कारण ती एकट्याची नव्हती. तिला ठरलेली तिथी होती, सोबतीला दिंडी होती आणि वाटेवरची गावे तिची वाट पाहत होती.

उरलेले अर्धे उत्तर ते हेच. एकट्याने केलेला निश्चय पाडव्याला जन्मतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दमतो. चार जणांनी मिळून, ठरल्या वेळी, आनंदाने केलेली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालते. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाची ताटे उचलली की आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांनी गावाच्या वेशीपर्यंत चालून यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. 'वारी' म्हणजे तरी दुसरे काय? पुन्हा पुन्हा जाणे, आणि तेही सोबतीने.