डॉक्टर, लिहून ठेवा!

क्रेडिट कार्डाचा शोध अमेरिकेत लागला म्हणतात. म्हणोत बापडे! १९५० साली न्यूयॉर्कात फ्रँक मॅकनमारा नावाच्या गृहस्थानं डायनर्स क्लब काढला. हॉटेलात जेवून झाल्यावर पाकीट घरी राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्या फजितीतून ही कल्पना निघाली, अशी कथा आहे. (ती पुढे बरीच फुगवली गेली, असंही सांगतात.) आमच्या लालबागेत दर महिन्याच्या वीस तारखेनंतर अख्ख्या चाळीचं पाकीट घरी राहायचं, पण म्हणून कुणी क्लब काढला नाही. आम्ही नुसतं म्हणायचो, "डॉक्टर, लिहून ठेवा!"

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे दोन बाकं, एक पडदा आणि पडद्यामागे कंपाउंडर. लाल औषधाच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी डकवून झाली, की तो लांबट वही उघडी. त्यात नाव नसे. 'खोली १४, धाकटा, खोकला' एवढीच नोंद. (धाकटा म्हणजे अस्मादिक.) वसुलीची तारीख मात्र सरकारनं ठरवलेली. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे हजारावर कामगार असलेल्या गिरणीला मागच्या महिन्याचा पगार दहा तारखेच्या आत द्यावा लागे. त्यामुळे अकरा तारखेला दवाखान्यात ही गर्दी, आणि सगळी ठणठणीत माणसं!

डायनर्सचं कार्ड भारतात १९६१ साली आलं, सेंट्रल बँकेचं सेंट्रलकार्ड १९८० साली. ते फोर्टातल्या साहेबलोकांसाठी. आम्हांला ठाऊक असलेलं कार्ड एकच, रेशनचं. आणि ते दाखवूनही साखर मिळेलच असं नव्हे.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पुढारी दत्ता सामंत, तेही मूळचे घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉक्टरच. दहा तारीख आली, पगार आला नाही. पुढची आली, तिच्या पुढचीही आली. वडील साचाखात्यात जॉबर. छातीत कापूस आणि खोकला कायमचा; पण लाजेपायी त्यांनी दवाखान्याचा रस्ताच सोडला.

एका संध्याकाळी डॉक्टर स्वतः तीन जिने चढून आले. आईचा चेहरा उतरला. वसुलीच!

"काय जॉबर, दिसला नाहीत? खोकला गिरणीतच ठेवून आलात की काय?"

"डॉक्टर, आधीचेच राह्यलेत..."

"राहू द्या. वही जाड आहे. शर्ट वर करा."

आता तिथं डॉक्टरांची लेक बसते. समोर गिरणीच्या जागी टॉवर. २०१६ च्या नोटाबंदीत तिनं कार्डाचं यंत्र घेतलं; पण क्रेडिट कार्डावर बँक शंभराला दोनेक रुपये कापून घेते, म्हणून ते पुढे करताना तिचा चेहरा जरा पडतो. २०२० पासून यूपीआयवर ती कापाकापी नाही, तेव्हा टेबलावर चौकटींचा कागद उभा केला आहे. पैसे पोचले की एक डबी खणखणीत आवाजात रक्कम सांगते. बाकावरच्या सगळ्यांना कळतं, तुमचं दुखणं कितीचं! वही बिचारी मुकी होती.

परवा मी तिला विचारलं, "त्या वह्यांचं काय झालं गं?"

"संपाच्या वह्या ना, काका? बाबांनी पानं फाडून गोळ्यांच्या पुड्या बांधल्या. त्र्याऐंशीचा अख्खा पावसाळा पुरल्या."

त्या पावसाळ्यात आमच्याही घरी पुड्या आल्या होत्या. उलगडून वाचायचं मात्र कुणाला सुचलं नाही.