कौलावरचे नाव

देवालयाच्या सभामंडपात बसून सहज वर दृष्टी टाकली, तर वाशांच्या आणि रिपांच्या मधून कौलांच्या पोटावरील ठसे दिसतात. जुन्या मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव, गाव आणि पुष्कळदा एक सालही उमटविलेले असते. देवस्थानांचा इतिहास लिहिताना आपण ताम्रपट, शिलालेख आणि पोर्तुगीज दफ्तरे धुंडाळतो. डोक्यावरच्या या लेखाकडे मात्र सहसा लक्ष देत नाही, आणि दिलेच तर तो चुकीचा वाचतो. म्हणून प्रस्तुत लेखात, हे कौल घडविणाऱ्या एका जुन्या घराण्याची हकीगत थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मंगळुरी कौल येण्यापूर्वी आपल्याकडे गरिबाच्या घरावर चुडते आणि ऐपतदाराच्या घरावर कुंभाराच्या हातची नळ्याची कौले असत. ही कौले एकमेकांवर नुसती टेकविलेली असल्यामुळे वाऱ्याने, मांजराने किंवा वानराने ती सरकत, आणि मृगापूर्वी दरसाल छप्पर शाकारणे चुकत नसे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला; त्यामागे गेओर्ग प्लेब्स्ट यांचे परिश्रम होते. नेत्रावतीकाठची चिकणमाती दाबयंत्रात घालून काढलेल्या या कौलाला कडेने खाचा असत. एकाची खाच दुसऱ्यात बसे आणि मागची कंगोरी रिपेला अडके. शंभर चौरस फूट छपरास अशी सुमारे दीडशे कौले पुरतात. छपरावरचा भार त्यामुळे हलका झाला आणि दरसालची शाकारणीही टळली.

ही विद्या मिशनपुरती राहिली नाही. १८६८ साली पास्कल अल्बुकर्क यांनी पाणेमंगळूर येथे आपला कारखाना घातला. मंगळुरी कौलांच्या धंद्यातील हा पहिला एतद्देशीय कारखाना होय. पुढे सायमन अलेक्झांडर अल्बुकर्क पै यांनी मंगळूरच्या बोळार तरीजवळ कारखाना काढला.

या नावातील ‘पै’ हे उपनाव वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सोळाव्या शतकात आपले देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले, आणि त्या शतकापासून पुढे गोव्यातील कित्येक कुटुंबे दक्षिणेस कानडात गेली. त्यांत हिंदू होते, तसेच धर्मांतरित ख्रिस्तीही होते. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती समाजातील अनेक घराण्यांनी पै, प्रभू, कामत, शेट ही पूर्वीची उपनावे टाकली नाहीत. गोमंतकातून दुरावलेल्या या समाजातील एका घराण्याने आपल्या किनाऱ्यावरील घरांना छप्पर पुरविले, ही इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

मुंबई इलाख्यात मागणी वाढली तेव्हा माल पोचविण्यासाठी या घराण्याने खास जहाज योजिले होते. किनाऱ्यावरचा हा व्यापार समुद्राच्या पंचांगाने चाले. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होई आणि पावसाळा तोंडावर आला की गलबते बंदरात विसावत. म्हणून ज्याला छप्पर घालायचे त्याने मागणी आधीच नोंदवावी हे शहाणपण होते. शेकडो मैलांवरच्या गिऱ्हाइकाला कारखानदार दिसत नसे, दिसे तो केवळ ठसा. तीच त्याची पत. कौल गळके निघाले तर नाव झाकायला जागा नव्हती.

आता वाचनातील चुकीविषयी. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ हे साल पाहून कित्येकजण छप्पर त्या वर्षीचे मानतात. वस्तुतः ते कारखान्याच्या स्थापनेचे साल असून, नंतरच्या दशकांतील कौलांवरही तेच उमटत राहिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले व पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा ज्या कौलावर त्या ट्रस्टचे नाव आहे, ते महायुद्धानंतरचे हे निश्चित. छपराची खरी तिथी मात्र देवस्थानच्या कीर्द-खतावणीतच शोधावी लागेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंटचा स्लॅब आला, माती आणि जळण महाग झाले, आणि मंगळूरचे बहुतेक कारखाने एकामागून एक बंद पडले. जीर्णोद्धाराच्या वेळी उतरविलेली कौले आता भरावात जातात. छप्पर बदलणे कधी अपरिहार्य असते, त्यास विरोध नाही. महाजन बंधुभगिनींना विनंती एवढीच की, कौले उतरविण्यापूर्वी ठशांची नोंद करावी, प्रत्येक ठशाचे एक कौल देवस्थानच्या कचेरीत जपून ठेवावे, आणि जुन्या कीर्दीत कौलखरेदीची ओळ सापडल्यास ती उतरवून घ्यावी. ज्यांच्या कौलांखाली आपल्या तीन-चार पिढ्यांनी कोरड्या अंगाने आरती म्हटली, त्यांचे नाव आपल्या इतिहासात एका ओळीचे तरी धनी आहे.