पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची? चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी सोप्या भाषेत

२६ मार्च १९७२. देसाईगंज (वडसा) पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा आरोप झाला. बाहेर जमलेल्या लोकांनी आवाज उठवला, त्यानंतर तिची तक्रार नोंदवली गेली. ती नोंदवणारे पोलीस त्याच ठाण्याचे होते.

सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाविरोधात देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेलं देसाईगंज आता गडचिरोलीत आहे.

पण पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच का तपासायची, हा प्रश्न उरलाच.

पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणजे काय?

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर अशी प्राधिकरणं नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूर विभागात येतात.

राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात, तर विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त प्रधान जिल्हा न्यायाधीश. सदस्यांमध्ये निवृत्त पोलीस अधिकारी आणि समाजातील मान्यवर व्यक्ती असतात. म्हणजे ही यंत्रणा पोलीस खात्याबाहेरची आहे, पण पोलिसांना पूर्ण वगळून बनलेली नाही.

कोणत्या तक्रारी चालतात?

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर. पीडित व्यक्ती, तिचे कुटुंबीय किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही अर्ज करू शकतं. प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याला आहेत.

प्राधिकरण शिक्षा देतं का?

नाही. ते चौकशी करून अहवाल देतं. त्यावरून विभागीय कारवाई होऊ शकते किंवा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. सरकारला अहवाल फेटाळायचा असेल, तर लेखी कारणं द्यावी लागतात. शिक्षा मात्र न्यायालयच देऊ शकतं. म्हणून प्राधिकरणाकडे अर्ज केला तरी गुन्हा नोंदवण्याचा आग्रह सोडू नये. ठाण्यात नोंद होत नसेल तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं.

वर्दी कुणाची, हे का पाहायचं?

या दोन जिल्ह्यांत गणवेशातला प्रत्येक माणूस राज्य पोलिसांचा नसतो.

• सी-६० हे गडचिरोली पोलिसांचंच पथक आहे. त्यामुळे त्यातील जवानांविरुद्धची तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत येते.
• सीआरपीएफ हे केंद्राचं दल आहे, त्यावर राज्याच्या प्राधिकरणाचा अधिकार नाही. तक्रार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे करता येते. पण सशस्त्र दलांच्या बाबतीत आयोगही केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करण्यापुरताच मर्यादित आहे.
• वनरक्षक आणि वनपाल वन विभागाचे कर्मचारी आहेत, पोलीस नव्हेत. त्यांनी मारहाण केल्यास पोलिसांत फिर्याद द्यावी, शिवाय राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करता येतो.

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. चुकीच्या दारात गेलेले महिने नंतर महागात पडतात.

सिरोंच्याच्या माणसाने काय करायचं?

सिरोंचा गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे आणि नागपूर त्याच्याही पुढे. एका सुनावणीसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. विभाग धरल्यामुळे पडलेलं हे अंतर तक्रारदाराच्याच खिशातून जातं.

अशा वेळी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालय गाठावं. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्जात काय लिहायचं?

तारीख, वेळ, ठिकाण आणि ठाण्याचं नाव. माहीत असेल तर पोलिसाचं नाव किंवा बिल्ला क्रमांक, नसेल तर वर्णन. कुणी पाहिलं तेही लिहा. जखम असल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या. अर्जाची प्रत ठेवा, पोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

१९७२ मध्ये तक्रार नोंदवून घेण्यासाठी ठाण्याबाहेर जमाव उभा राहावा लागला होता. आज कायद्याने दुसरं दार दिलं आहे. ते लांब आहे, पण कुठे आहे हे गावात कुणाला तरी ठाऊक असायला हवं.