लेदर सीट चमकतेय? मग ती स्वच्छ नाही, मळलेली आहे!

वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली, की पोरगा आतल्या सीटवर कसलंसं लिक्विड मारतो, वरून कापड फिरवतो आणि सीट आरशासारखी चमकायला लागते. गाडीमालकही खूश! पण गंमत अशी, की कारखान्यातून बाहेर पडलेली नवीकोरी लेदर सीट सहसा अशी चमकत नाही. ती मॅट असते, हाताला कोरडी लागते. वापरून वापरून तिच्यावर जी चकाकी येते, ती लेदरची नसतेच. घाम, केसांचं तेल, सनस्क्रीन आणि रस्त्यावरची धूळ यांचा तो पातळ थर असतो. सिलिकॉनवालं चकचकीत लिक्विड त्याच थरावर आणखी एक थर चढवतं.

हा मळ नुसता दिसायला वाईट असता तर ठीक होतं. पण धुळीचे कण तेलकट थरात अडकून बसतात आणि माणूस गाडीत चढता-उतरता बारीक पॉलिशपेपरसारखे सीटवर घासत राहतात. म्हणूनच ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड सगळ्यात आधी झिजते. आधी रंग जातो, मग तडे पडतात. एकदा तडा गेला, की कुठलंही क्रीम तो भरून काढू शकत नाही.

आधी पाहा, लेदर खरं आहे का?

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांमधलं "लेदर" खरं तर लेदरेट असतं. म्हणजे कापडाच्या अस्तरावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. यात कमीपणा काही नाही. मर्सिडीजचं "एमबी-टेक्स" आणि टोयोटाचं "सॉफटेक्स" हीसुद्धा कृत्रिम लेदरच आहेत. काही गाड्यांमध्ये तर बसायचा मधला भाग खऱ्या चामड्याचा आणि बाजू लेदरेटच्या असतात. त्यामुळे ब्रोशरमधली बारीक अक्षरं वाचलेली बरी. सीटखाली कुठे मोकळी कड सापडली, तर तिची मागची बाजू बघा. खरं चामडं मागून खरखरीत, तंतूतंतूंचं दिसतं. लेदरेटच्या मागे सरळ विणलेलं कापड दिसतं. वासावर मात्र भरवसा ठेवू नका, लेदरचा वास बाटलीतही मिळतो!

हा फरक महत्त्वाचा का? कारण लेदरेट म्हणजे शेवटी प्लास्टिक. त्याला कंडिशनर "पाजण्यात" काही अर्थ नाही. त्याला हवी फक्त नियमित सफाई आणि उन्हापासून आडोसा. पीव्हीसीला मऊ ठेवणारी रसायनं उष्णतेने हळूहळू निघून जातात आणि ते कडक होऊन तडकतं. पॉलियुरेथेनला दमट हवा बाधते आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

मग खोबरेल तेल का नको?

घरातली मोठी माणसं हमखास सांगतात, "अरे, चामडं आहे, तेल लाव!" हा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो गाडीच्या सीटसाठी नाही. कोल्हापुरी चप्पलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. त्यावर प्लास्टिकसारखा कुठलाही थर नसतो, म्हणून ते तेल पितं आणि मऊ पडतं.

गाडीच्या सीटचं चामडं वेगळ्या पद्धतीने तयार होतं. त्याला लागणारी तेलं टॅनरीतच मुरवलेली असतात. वर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचं पारदर्शक कोटिंग असतं. खात्री करायची असेल तर सीटच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा वरच राहिला तर सीट कोटेड आहे. शोषला गेला आणि डाग गडद झाला, तर ते कोटिंग नसलेलं चामडं आहे किंवा कोटिंग झिजलंय. अशा सीटला पाणी अगदी जपून लावायचं.

कोटेड सीटवर खोबरेल तेल आत जातच नाही. ते वरच चिकट राहतं, धूळ ओढतं आणि शिवणीत साचतं. थंडीत पारा साधारण २४ अंशांखाली गेला, की गोठतं ते वेगळंच.

हाच नियम इतर घरगुती उपायांनाही लागू आहे. बुटाच्या पॉलिशचा रंग कपड्यांना लागतो. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि चामडं मुळात किंचित आम्लधर्मी, त्यामुळे दोघांचं जमत नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल कोटिंग सैल करतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर शाईच्या डागासोबत सीटचा रंगही घेऊन जातात.

सफाई नेमकी कशी करायची?

गाडी सावलीत उभी करा आणि सीट गार होऊ द्या. तापलेल्या सीटवर क्लीनर पटकन वाळतो आणि डाग सोडतो. मग व्हॅक्यूमने धूळ काढा. बैठक आणि पाठ यांच्या मधल्या फटीत सगळ्यात जास्त रेती असते, तिथे वेळ द्या. ही पायरी टाळून थेट पुसायला घेतलं, तर तीच रेती सीटवर घासली जाते.

त्यानंतर लेदरसाठीचा, न्यूट्रल पीएच असलेला क्लीनर घ्या. पहिल्यांदा सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी वापरून बघा. क्लीनर सीटवर ओतायचा नाही, मऊ ब्रशवर किंवा मायक्रोफायबर कापडावर घ्यायचा. वीतभर भाग घ्या, हलक्या हाताने गोल फिरवा, वर आलेला तपकिरी फेस ओल्या कापडाने लगेच टिपा आणि कोरडं करा. मग पुढचा भाग. जोर लावायची गरज नाही. एकाच फेरीत निघाला नाही तर मळ दुसऱ्या फेरीत निघेल.

सीटला बारीक छिद्रं असतील तर जास्तच काळजी घ्या. व्हेंटिलेटेड सीटमध्ये त्या छिद्रांमागे पंखे असतात, शिवाय पुढच्या सीटमध्ये सेन्सर आणि साइड एअरबॅगच्या वायरी असू शकतात. तिथे स्प्रे मारला तर पाणी आत जातं आणि क्रीम छिद्रांत वाळून पांढरं दिसतं.

आता कंडिशनर. सीट पूर्ण वाळल्यावर पाण्यावर आधारित कंडिशनर नाण्याएवढा घ्या, पातळ पसरवा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून काढा. कोटेड सीटमध्ये तो फार आत जात नाही, हे खरं. तो पृष्ठभाग लवचिक ठेवायला आणि घर्षण कमी करायला मदत करतो. वर्षातून दोनदा पुरे. ओलसर कापडाने पुसणं मात्र आठवड्या-दोन आठवड्यांनी व्हायला हवं. दोन्हींतलं एकच करणार असाल, तर पुसणं निवडा.

फिकट बेज सीटवर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो, तोही लवकर पुसला तरच जातो. महिनोन्‌महिने राहिला, की कोटिंगमध्ये मुरतो.

ऊन आणि पाऊस

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात बंद गाडीच्या आतलं तापमान सहज ६० अंशांवर जातं. काचेवर सनशेड लावणं हा तिथला सगळ्यात स्वस्त उपाय. कोकणात आणि मुंबईत प्रश्न उलटा. ओली छत्री, ओले कपडे, बंद गाडी आणि चार दिवसांत सीटवर पांढरी बुरशी! वरून सीट कव्हर असेल तर ओल आतच कोंडते. बुरशी दिसली तर गाडी बाहेर मोकळ्या हवेत न्या, दारं उघडा, तोंडाला मास्क लावा आणि ओलसर कापडाने टिपून घ्या. कोरडी झटकली तर ती गाडीभर पसरते. मग क्लीनर वापरा आणि सीट पंख्याखाली पूर्ण वाळवा. पावसाळ्यात गाडी वापरात नसली, तरी अधूनमधून एसी लावून एक चक्कर मारून आणा.

जुनी गाडी घेताना हीच माहिती वेगळ्या कामाला येते. ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या कडेवर पांढरं ओलं कापड फिरवून बघा. कापड काळपट झालं तर तो मळ आहे, तो निघेल. पण कापडावर सीटचाच रंग आला, तर एकतर कोटिंग गेलंय किंवा विकण्याआधी घाईघाईत रंग मारलाय. अशा वेळी सीट पुन्हा रंगवून किंवा नव्याने शिवून घ्यायचा खर्च आधी विचारा आणि मगच गाडीच्या किमतीचं बोला.