मेडिकलच्या काउंटरपलीकडे

आपल्या वस्त्यांतून डी. फार्म., बी. फार्म. झालेली मुले-मुली आता दिसतात. पण एम. फार्म.चा अर्ज भरायची वेळ आली की घरातून एकच सल्ला मिळतो : "पुरे झाले शिक्षण, आता मेडिकल टाका." औषध विकणे हा प्रामाणिक धंदा आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. प्रश्न असा आहे की औषध जिथे शोधले जाते, त्या प्रयोगशाळेत आपण का नसावे?

इतिहास पाहू. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. हे शास्त्र या देशात रुजत होते, त्याच काळात बाबासाहेब आपल्यासाठी विज्ञानशिक्षण मागत होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे असल्याने खर्च सरकारने उचलावा. त्यासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

मग आपण मागे का राहिलो? आळशी होतो म्हणून? नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९५६ मध्ये धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातींतून बाहेर पडलो. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा दरवाजा १९९० च्या दुरुस्तीनंतरच उघडला. चौतीस वर्षे! राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मोहालीच्या नायपरचा कायदा १९९८ चा. म्हणजे बौद्ध म्हणून अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर तिथे अर्ज करू शकणारी पहिली पिढी आत्ताचीच आहे. ज्यांच्या आईवडिलांना ही संधीच नव्हती, त्यांना "तुमच्यात गुणवत्ता नाही" असे ऐकवणाऱ्यांनी आधी या तारखा वाचाव्यात.

आज पदव्युत्तर प्रवेशासाठी जीपॅट आहे. पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत एम. फार्म.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. ही माहिती ज्यांच्या घरी आधीच कोणी शिकलेले आहे त्यांना सहज कळते, आपल्याकडे ती शेवटच्या तारखेनंतर पोहोचते. म्हणून कार्यकर्त्यांना विनंती : जयंतीच्या वर्गणीतून वस्तीत एक अर्ज-मार्गदर्शन शिबिर घ्या. केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र आधीच काढून ठेवायला सांगा.

अर्जातल्या प्रवर्गाच्या रकान्यात खूण करताना आपण कोणाची मेहरबानी घेत नाही. त्या रकान्यामागे १९४२ चे निवेदन आहे आणि १९९० पर्यंतचा लढा आहे. तो रकाना रिकामा सोडू नका.

जयभीम.