सोलापूरचा धागा सातासमुद्रापार



थंडी पडली की घरोघर पेटीतली सोलापुरी चादर बाहेर निघते. दोन्ही बाजूंना नक्षी तीच, रंग तेवढे उलटे. पण ती विणणारा माणूस घरी कोणती भाषा बोलतो, ठाऊक आहे का? पुष्कळ घरांत तेलुगू!

सोलापूर हे जुने बाजारपेठेचे गाव. १८६० साली मुंबईकडून आगगाडी इथवर आली आणि १८७७ साली कापसाची मोठी गिरणी, लोकांच्या तोंडची 'जुनी गिरणी', सुरू झाली. पोटापाण्यासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येऊ लागली. आधी एक भाऊ यायचा, माग टाकायचा. मग मेहुण्याला निरोप जायचा. भांडवल थोडे, पण गोतावळा मोठा. उसने सूत, कामाला माणूस, नव्या नक्षीची खबर, सारे त्या गोतावळ्यातच मिळे. बायका घरी विड्या वळून संसाराला हातभार लावीत.

नुसत्या गोतावळ्यावर धंदा वाढत नाही. जोडीला नवे शिकण्याची हौस लागते. फ्रान्समध्ये जाकार नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी बसविली. भोक असेल तिथे ठराविक धागा उचलला जातो आणि फूल, मोर, वेल आपसूक उमटतात. आमच्या विणकरांनी हे 'जाकार्ड' आपलेसे केले आणि चादरीला तिचे रूप मिळाले.

टॉवेलची गोष्ट तशीच. हेन्री क्रिस्टी या इंग्रजाने तुर्कस्तानात वेटोळ्यांचे कापड पाहिले आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तसले टॉवेल मांडले गेले. युक्ती साधी आहे बघा : उभ्या धाग्यांचे दोन ताणे, एक घट्ट, दुसरा सैल. आडवा धागा ठोकून बसविला की सैल ताण्याची वेटोळी वर येतात, आणि तीच पाणी शोषतात. १९६० नंतर सोलापुरातल्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण छोट्या कारखान्यांतले यंत्रमाग हा टॉवेल विणीतच राहिले. तो आखाती देशांत गेला, युरोपात गेला.

चार-सहा मागांचा धनी परदेश कसा गाठतो? एकट्याने नव्हेच. सूत एकाचे, रंगाई दुसऱ्याची, विणाई तिसऱ्याची, शिलाई चौथ्याची. गिऱ्हाईक बहुधा मुंबईच्या निर्यातदारामार्फत. एकाने रंगात कसूर केली, तर सगळ्यांचा माल परत. म्हणून इथे शब्दाला किंमत. पुढे, २०१९ साली, टॉवेलचे जागतिक प्रदर्शन सोलापुरातच भरले. गिऱ्हाईक दारी बोलावण्याइतकी हिंमत आली.

तरी एक सल उरते. परदेशी जाणाऱ्या टॉवेलावर पुष्कळदा तिकडच्या दुकानदाराचे नाव असते, सोलापूरचे नसते. आणि आपल्याकडे? भलत्याच गावी विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून स्वस्तात खपते! १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याखाली २००५ च्या सुमारास चादर आणि टॉवेल या दोहोंची नोंद झाली. म्हणजे सोलापूरचे नाव सोलापूरच्याच मालाला. पण कागदावरचा हक्क बाजारात टिकवायचा, तर गिऱ्हाईकाने विचारले पाहिजे, "ही विणली कुठं?" तो प्रश्नच विचारला नाही, तर विणकराच्या मजुरीत भर कुठून पडणार, आणि त्याचा मुलगा मागावर का बसेल?

शिक्षकबंधूंनो, उद्या वर्गात घरची एखादी चादर न्या. मुलांना तिचे धागे मोजू द्या, आणि ती विणणाऱ्या हातांची ही गोष्ट सांगा.